डोकं शेवटी

इंग्रजी भाषेला आमच्या देवळालीने एक शब्द दिलेला आहे. त्याचा आम्ही कॅम्पकरांनी अभिमान धरायचा की तो कानावर आला की दुसरीकडे बघायचं, याचा निकाल अजून लागलेला नाही. शब्द आहे 'डुलाली'. अर्थ, डोकं फिरलेला. साहेबाच्या राज्यात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी इथल्या छावणीत येऊन पडायचे. त्यांना नेणाऱ्या बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. ज्याचा हंगाम हुकला तो पुढच्या हंगामापर्यंत देवळालीत. काम नाही, कवायत नावापुरती, दिवसा ऊन, रात्री डास. बसून बसून चांगली धडधाकट माणसं तऱ्हेवाईक वागायला लागायची. त्या अवस्थेला नाव पडलं 'डुलाली टॅप'. यातला टॅप म्हणजे आपला ताप. थोडक्यात, 'डोक्याला ताप' ही तक्रार गोऱ्यांनी इथून बोटीत घालून नेली, आणि पुढे बीबीसीने 1974 मध्ये देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिका काढून ती 1981 पर्यंत चालवली.

हे सगळं सांगायचं कारण, यंदा फेब्रुवारीपासून मी दर रविवारी सकाळी लॅम रोडच्या आतल्या अंगाला, एका जुन्या बंगल्यामागच्या पोहण्याच्या तलावात, डोकं खाली आणि होडी वर अशा अवस्थेत लटकत होतो. बघणाऱ्यांनी तो शब्द विलायतेहून परत आणला आणि जिथला होता तिथे ठेवला.

याला जबाबदार माझा भाचा. तो पावसाळ्यात कोलाडला कुंडलिका नदीवर असतो. रबरी तराफ्यातून पर्यटक जातात, आणि हा एकट्याच्या छोट्या होडीतून त्यांच्या मागेपुढे राहून पाण्यात पडलेल्यांना गोळा करतो. त्या होडीला कयाक म्हणतात. कुंडलिकेचं पाणीही गमतीचं आहे. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, तिथे चाकं फिरवतं आणि मग नदीत सोडलं जातं. त्या सोडलेल्या पाण्यावर कोलाडकरांचा सकाळचा धंदा. याच मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह उभा राहिला होता, सेनापती बापट त्यात होते. मावळ्यांच्या जमिनी गेल्या, मुंबईला वीज मिळाली, आणि शंभर वर्षांनी उरल्यासुरल्या पाण्यावर पुण्यामुंबईचे लोक हेल्मेट घालून किंचाळतात. असो.

तर भाचा फेब्रुवारीत गाडीच्या टपावर दोन कयाक बांधून दारात हजर झाला. एक पिवळी, एक लाल. गल्ली जमली. देवळाली कॅम्पात गाडीवर काहीही लांबुळकं दिसलं की लोक ते तोफखान्याचं समजतात. इथे तोफखान्याचं शिक्षणकेंद्र आहे, सरावाच्या दिवशी खिडक्यांची तावदानं हलतात, त्यामुळे आमची विचारशक्ती त्याच दिशेला धावते. समोरचे निवृत्त सुभेदार चष्मा पुसत आले, पिवळ्या कयाकवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "प्लास्टिक." तेवढं बोलून ते खुर्ची आणायला घरात गेले. पुढचे अकरा रविवार ती खुर्ची तलावाच्या काठावर होती.

"मामा, तुला रोल शिकवतो," भाचा म्हणाला.

रोल म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मलाही वाटलं होतं की ते खाण्याचं काहीतरी आहे. कयाकमध्ये माणूस कमरेपर्यंत बंदिस्त बसतो. होडी उलटली की तो होडीसकट पालथा होतो आणि डोकं तळाकडे जातं. अशा वेळी होडीतून बाहेर न पडता, नुसत्या वल्ह्याच्या आणि कमरेच्या जोरावर होडीसकट पुन्हा सरळ व्हायचं. बस, एवढंच. दोन-तीन सेकंदांचं काम. भाच्याने करून दाखवलं तेव्हा तर मला वाटलं की त्याला खालून कुणीतरी ढकललं. पाणी नुसतं हललं. तो गेला आणि आला. केस ओले झाले होते म्हणून गेला होता यावर विश्वास ठेवायचा.

मी 53 वर्षांचा. हयात बँकेत गेली. नाशिक जिल्ह्याला वल्ह्याची परंपरा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ 2016 मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याची होडी वल्हवून आले. त्यांच्या गावी प्यायच्या पाण्याची मारामार; वल्हं त्यांनी पहिल्यांदा हातात धरलं ते सैन्यात गेल्यावर. हे उदाहरण मी घरात दिलं. हिने विचारलं, "ते किती वर्षांचे होते आणि त्यांची कंबर किती होती?" विषय तिथे संपला.

होडीत बसणं हा पहिला धडा. बसणं म्हणू नये, चढवणं म्हणावं. पाय पुढे आत सारायचे, तळवे आतल्या पायटेकूंना लागले पाहिजेत, गुडघे बाहेरच्या अंगाला फाकून मांड्या वरच्या बाकदार आधाराखाली अडकल्या पाहिजेत, आणि कुल्ले दोन्ही बाजूंना घट्ट बसले पाहिजेत. भाचा म्हणाला, "होडी अंगावर पँटसारखी बसली पाहिजे. तू हललास की ती हलली पाहिजे." बाकीच्यांना त्यासाठी फोमचे तुकडे खुपसावे लागतात. मला लागले नाहीत. किंबहुना माझ्या बाबतीत होडीच मला पँटसारखी घालून बसली होती.

त्यानंतर स्प्रे स्कर्ट. जाड रबरी कापडाचा घेर. कमरेला तो आपल्याला चिकटतो आणि खालची कडा होडीच्या तोंडावर ताणून बसवायची, म्हणजे आत पाणी जात नाही. काठावर शाल पांघरून बसलेल्या आमच्या आईने विचारलं, "हा घागरा कशाला घातलायस?" आई 81 वर्षांची आहे. ती दर रविवारी यायची, 'याला एकट्याला सोडायला नको' म्हणून. भाचा प्रशिक्षित आहे, सुभेदार काठावर आहेत, तलाव साडेचार फुटांचा आहे, हे सगळं तिला सांगून झालं होतं. ती म्हणाली, "साडेचार फुटांत माणूस उभा राहतो. हा उलटा आहे."

रोल शिकण्याआधी रोल जमला नाही तर बाहेर कसं पडायचं ते शिकवतात. यात मला प्रशिक्षकांची माणसाबद्दलची समज दिसली. उलटं झाल्यावर पुढे वाकायचं, होडीच्या बुडावर दोनदा हाताने थापटायचं म्हणजे घाई उतरते, स्कर्टच्या पुढच्या टोकाला असलेला पट्टा चाचपायचा, आधी पुढे आणि मग वर ओढायचा, आणि होडी पँट काढावी तशी ढकलून द्यायची. पट्टा आत दाबला गेला असेल तर मात्र सापडत नाही, म्हणून तो बाहेर आहे ना हे दर वेळी बघायचं. भाचा कधीच विसरला नाही. मी नेहमी विसरायचो आणि तो दर वेळी न बोलता वाकून तो पट्टा बाहेर काढायचा, लहान मुलाच्या शर्टाचं वरचं बटण लावावं तसा.

पहिल्यांदा उलटा झालो तो क्षण मी विसरणार नाही. आधी नाकात पाणी गेलं. लोक जलनेतीच्या शिबिरांना पैसे भरतात; मला ती फुकटात आणि दोन्ही नाकपुड्यांतून एकदम घडली. मग सगळं हिरवं झालं. उजवं कुठलं आणि डावं कुठलं हे कळेना. वर कुठे आहे ते कळत होतं, पण तिथे माझी मांडी होती. थापटायचं राहून गेलं, पट्टा ओढला, आणि मी इतक्या वेगाने बाहेर आलो की भाच्याच्या हनुवटीवर माझं टाळकं आपटलं. पुढच्या रविवारी त्याने माझ्यासाठी नाकाचा चिमटा आणला आणि स्वतः जरा लांब उभा राहिला.

हे तंत्र शोधणाऱ्या माणसांचं कौतुक करायला मला त्या हिरव्या अंधारात बराच वेळ मिळाला. ग्रीनलँडचे इनुइट शिकारी सीलच्या कातड्याच्या होड्यांतून समुद्रात जात. पाणी असं गार की होडीतून बाहेर पडणं म्हणजे मरणं. म्हणून पोहण्याचा प्रश्नच नव्हता. होडीसकट परत वर येणं एवढाच मार्ग. आता तिथे या कलेच्या स्पर्धा होतात, त्यात तीसहून अधिक प्रकारचे रोल असतात. वल्हं घेऊन, वल्ह्याशिवाय, भाला फेकायच्या लाकडी दांडीने, हात छातीवर घट्ट बांधून, इतकंच काय, हातात वीट धरून. वीट! शिकारीत हात अडकले, दोरी गुंतली, वल्हं वाहून गेलं, काय वाटेल ते झालं तरी वर यायचं, म्हणून ही तयारी. आणि युरोपात हे पहिल्यांदा जमवलं ते 1927 मध्ये एडी हान्स पावलाता नावाच्या ऑस्ट्रियनाने, ग्रीनलँडवरची पुस्तकं वाचून. पुस्तक वाचून पोहायला शिकणाऱ्यांची आपण चेष्टा करतो. हा गृहस्थ पुस्तक वाचून उलटा झाला आणि सुलटाही झाला. मीही वाचनप्रेमी आहे. मला पहिला भाग जमला.

तिसऱ्या रविवारपासून खरा अभ्यास सुरू झाला. वल्हं बाजूला. तलावाच्या काठाला दोन्ही हातांनी धरायचं, उजवा कान हातांवर टेकवायचा, होडी अंगावर कलती घ्यायची आणि मग नुसत्या कमरेने तिला सरळ करायचं. हातांवर भार द्यायचा नाही. डोकं हातांवरून उचलायचं नाही. शरीर आधी एका बाजूला वाकलेलं विळ्यासारखं. मग कमरेला असा झटका द्यायचा की विळा दुसऱ्या बाजूला वळला पाहिजे. उजव्या बाजूने वर यायचं तर उजवा गुडघा वर ओढायचा. गुडघा ओढला की होडी फिरते. होडी फिरली की अंग मागोमाग येतं. आणि अंगाच्या मागोमाग, सगळ्यांत शेवटी, डोकं.

"डोकं शेवटी, मामा."

हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत किती वेळा ऐकलं याची गणती नाही. मला ते ऐकू यायचं, कळायचं, पटायचं, आणि उलटा झाल्याबरोबर सगळ्यांत आधी डोकं वर यायचं. होडी धप्पकन परत पालथी.

यात माझा काय दोष? पन्नास वर्षं मला एवढंच शिकवलंय. शाळेत मास्तर म्हणायचे डोकं चालव. वडील म्हणायचे गर्दीत डोकं वर काढायला शीक. बँकेत साहेब म्हणायचे डोकं ठिकाणावर ठेवा. उभ्या मराठी भाषेत डोकं गहाण ठेवू नकोस, डोकं घालू नकोस, डोक्यावर बसवू नकोस असा सगळा कारभार डोक्याभोवती चाललेला. कमरेबद्दल म्हणाल तर ती कसायची किंवा मोडून घ्यायची, मधलं काही नाही. आणि आता बुडता बुडता एकदम सांगायचं की तू थांब रे, कंबर जाऊ दे पुढे! डोक्याला अपमान वाटणारच. त्यात हवा खायची भोकं सगळी डोक्यालाच.

भाच्याने मला हिशेब मांडून दाखवला. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. पाण्यात आहे तोवर त्याचा भार पाणी वाहतं, तुम्हाला जवळजवळ फुकट. पाण्याबाहेर आलं की ते पाचही किलो तुमच्या खात्यावर, आणि तेही होडीपासून सर्वांत लांबच्या टोकाला. बादली हातात धरणं वेगळं आणि काठीच्या टोकाला लटकवून काठी आडवी धरणं वेगळं. बरं, डोकं उचलायचं तर अंगाला कशाला तरी रेटा द्यावा लागतो. पाण्यात दुसरं काय आहे? होडीच. तुम्ही डोकं डावीकडे वर उचललंत की डावी कूस आवळते, डावा गुडघा वर येतो, आणि जी होडी सरळ व्हायला निघाली होती ती परत तुमच्याच अंगावर पालथी होते. उलट उजवा कान उजव्या खांद्याला लावून ठेवलात की उजवी कूस आवळते, उजवा गुडघा आपोआप वर, होडी सरळ. म्हणजे जो जीव वाचवायला आधी डोकं काढतो, तो स्वतःच्या गुडघ्याने स्वतःला बुडवतो.

हे मी व्यवहारी माणूस म्हणून लगेच समजलो. व्याजाच्या गणितासारखं होतं. पण पाण्याखाली गेल्यावर मला व्याजही येत नाही.

मला पहिल्यांदा काहीतरी अंगात उतरल्यासारखं वाटलं ते तलावात नव्हे, पलंगावर. मध्ये माझा पाठीचा मणका धरला. (रोलमुळे नाही. होडी टपावर चढवताना. पण हिला अजून ते पटलेलं नाही.) फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "काका, सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने गादी रेटा, आणि मान सैल सोडून शेवटी वर या. तुम्ही सगळे डोकं उचलून उठता, म्हणून कंबर जाते." मी तसाच आडवा राहिलो. दोन महिने एक पोरगा तलावात जे सांगत होता तेच या बाई तीनशे रुपये घेऊन कोरड्यात सांगत होत्या.

आईला हे सांगितलं तेव्हा तिला काही नवल वाटलं नाही. "तू पालथा पण उशिराच पडलास," ती म्हणाली. "शेजारणीचं पोर चौथ्या महिन्यात पडलं. तुझं आपलं पाय वर, कंबर वळायची, आणि हात अडकायचा अंगाखाली. मग डोकं वर करून रडायचास. सहावा सरला तेव्हा एकदा पडलास, तेही मांजर बघायला." म्हणजे दोष जुना होता आणि घरात त्याची नोंद होती.

सातव्या रविवारी एक अपमान झाला. बंगल्याच्या माळ्याचा नातू, वय दहा, नाशिकला मल्लखांब शिकतो. तो काठावर उकिडवा बसून आमचा प्रकार बघत होता. भाच्याने गंमत म्हणून त्याला लाल होडीत बसवलं. पोरगं उलटं झालं आणि खालीच थांबलं. घाई नाही, हातपाय झाडणं नाही. त्याच सकाळी, चार-पाच प्रयत्नांत, ते वर आलं. मल्लखांब करणाऱ्याला डोकं खाली असणं ही बातमीच नसते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, आणि त्यासाठी ते आमच्याच जिल्ह्यात वणीला सप्तशृंगीच्या पायाशी येऊन बसले होते अशी कथा सांगतात. देवीने स्वप्नात लाकडावर उड्या मारणारं माकड दाखवलं म्हणे. मीही मनात देवीला हात जोडले. मला स्वप्नात बँकेचे ऑडिटर आले.

सुभेदार मात्र त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीतून उठले. "पोराचं बघितलं का?" ते म्हणाले. "गोळा सुटून नळी मागे येऊन जागेवर बसेपर्यंत पोरगं मान हलवत नाही. तुम्ही लिव्हर ओढायच्या आधीच गोळा कुठे पडला ते बघायला उठता." तीस वर्षं तोफेमागे काढलेल्या माणसाचं हे निदान मला झोंबलं. खरंच होतं. वर येण्याआधी मी वर आलो का ते बघायला निघायचो.

मग वल्हं हातात आलं, आणि एक नवीन भानगड. उलटं व्हायच्या आधी वल्हं होडीच्या डाव्या कडेला समांतर धरायचं, पुढे वाकायचं. पालथं झाल्यावर त्याचं उजवं पातं पुढून बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या पृष्ठभागालगत, अर्धवर्तुळात फिरवत न्यायचं. ते आडवं झालं, होडीशी काटकोनात आलं, की गुडघा. पातं वरच्यावर फिरत राहिलं तर ते पाण्यावर टेकू देतं. जरा तिरपं झालं की सूर मारून तळाला जातं आणि टेकू गेला. मी ते जोर लावून खाली ओढायचो. भीती वाटली की माणूस हाताला जे लागेल ते ओढतो. पातं बुडायचं, मी बुडायचो, काठावर सुभेदार वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

भाच्याने पृष्ठभाग, कोन, मनगट असं बरंच समजावलं. आई ऐकत होती. तिने मला जवळ बोलावलं. होडीतूनच हाताने पाणी मारत काठाशी गेलो. ती म्हणाली, "साय काढतोस की दूध ढवळतोस?"

"म्हणजे?"

तिने शालीतून हात बाहेर काढला. बोटं चिकटलेली, तळवा जवळजवळ आडवा, पुढची कड केसभर वर. आणि हवेतल्या हवेत पातेल्याच्या कडेने, आतल्या दुधाला कळू न देता, ती साय काढत गेली. कडेपासून सुरू करून अर्धा गोल. मनगट वळत नव्हतं, खांदा वळत होता, आणि खांद्यामागून सगळं अंग खुर्चीत वळत होतं. "चमच्याचं नाक खाली गेलं की साय फाटते आणि चमचा दुधात," ती म्हणाली. "आणि घाई केली तरी फाटते. पाट्यावर चटणी वाटतानाही तेच. हात दुखले की समजायचं कंबर झोपलीय."

भाचा बघतच राहिला. तो ऋषिकेशला जाऊन पैसे भरून हे शिकला होता. "आजी, तू परत एकदा दाखव," तो म्हणाला, आणि मोबाईल काढला. कोलाडला तो आता पर्यटकांना सायच सांगतो. मुंबईच्या मुलांना साय म्हणजे काय ते आधी सांगावं लागतं ही वेगळी अडचण.

अकरावा रविवार मेमधला. सकाळी सातलाच ऊन चढलेलं. तोफांचा सराव चालू होता, मधूनच धडाम व्हायचं आणि बंगल्यातली कबुतरं उडायची. भाच्याने वाकून माझा पट्टा बाहेर काढला. मी नाकाला चिमटा लावला, पुढे वाकलो, वल्हं डाव्या कडेला लावलं आणि गेलो.

हिरवं. गार. या वेळी थोडा थांबलो. मल्लखांबवाल्या पोराएवढा नाही, पण थांबलो. हात वर हवेत आला, पातं पाण्याला लागलं, आणि मी साय काढायला लागलो. कडेने, हलक्या हाताने. दूध ढवळलं नाही. पातं आडवं आलंसं वाटलं. उजवा कान उजव्या खांद्यावर दाबला, डोळे गच्च मिटले, आणि गुडघा वर ओढला.

मग काही झालं नाही. म्हणजे शांत होतं. मी डोकं खांद्यावर ठेवून तसाच राहिलो. अजून वेळ आहे, डोकं शेवटी, डोकं शेवटी, असं मनात घोकत. इतक्यात कोकीळ ओरडली. मी विचार केला, पाण्याखाली कोकीळ नसते.

"मामा," भाचा अगदी हळू आवाजात म्हणाला, "आता उचललंस तरी चालेल."

डोळे उघडले. तलाव, बंगला, कबुतरं, सगळं सुलटं. माझ्या कानातून पाणी गळत होतं. भाच्याने दोन्ही हात वर केलेले. सुभेदार वर्तमानपत्राची घडी घालत होते, आणि माझ्याकडे बघून त्यांनी एकदाच मान डोलावली. आणि आई पाठमोरी वळून माळ्याच्या बायकोला मेथी निवडून देत होती.

"आई! बघितलंस का?"

"काय रे?"

"मी वर आलो!"

"खाली कधी गेलास?"

"अगं आत्ता! हे बघ, असा गेलो आणि..." मी हात करून दाखवायला तिच्याकडे पुरता वळलो, मान उंच करून. होडी डावीकडे कलली. साय वगैरे काही नाही, वल्हं आधीच सुटलेलं होतं.

या वेळी मात्र तिने नीट पाहिलं.